कार्डाचा नंबर सांभाळायचा कोणी?

ऑनलाइन खरेदीत कार्डाची माहिती सुरक्षित कशी ठेवायची, हा प्रश्न तीस वर्षांपासून विचारला जातो आहे आणि त्याचे उत्तर मात्र सतत बदलत आले आहे. सुरुवातीला सांगत, कुलपाचे चिन्ह दिसत नसेल तर नंबर टाकू नका. पुढे, कार्ड साइटवर सेव्ह करू नका. आता बँकेच्या प्रत्येक मेसेजखाली ओळ असते, ओटीपी कोणालाही सांगू नका. हे तिन्ही सल्ले आपापल्या काळी योग्य होते. मात्र तिन्हींच्या मुळाशी एकच गृहीत आहे, की सांभाळण्याचे काम मुख्यतः कार्डधारकाचे. दुकानदार, पेमेंट गेटवे, कार्डाचे नेटवर्क, बँक आणि रिझर्व्ह बँक यांनी किती ओझे उचलायचे, हा वाद त्या गृहीताच्या आड चालू राहिला.

त्या वादाची आजची स्थिती या लेखात मांडायची आहे. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे वाचकाला ते बाजूला ठेवून बाकीचे तपासता येईल. नंबर चोरीला जाण्याचा प्रश्न भारताने बराचसा आटोक्यात आणला आहे. कार्डधारकालाच बोलण्यात गुंगवून त्याच्या हातून पैसे काढून घेण्याचा प्रश्न सुटलेला नाही. आणि झालेले नुकसान कोणी सोसायचे, याचे नियम अजून पहिल्या प्रकारच्या चोरीच्या हिशेबाने लिहिलेले आहेत.

दाखवण्यासाठी बनलेला नंबर

कार्ड जन्मले ते समोरासमोरच्या व्यवहारासाठी. त्यावरचे आकडे उठावदार असत, कारण दुकानातल्या यंत्रात कार्ड ठेवून ते कार्बनच्या कागदावर उमटवायचे असत. नंबर लपवण्याची गोष्ट नव्हतीच. प्लास्टिकचे कार्ड हातात असणे आणि पावतीवर सही करणे, हा खरेपणाचा पुरावा होता. फोनवरून किंवा टपालाने मागणी नोंदवताना कार्ड आणि सही दोन्ही गळून पडत आणि नुसते आकडे उरत. तो अपवाद होता. इंटरनेटने त्याचाच नियम केला. ज्याला सोळा आकडे, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे ठाऊक, त्याच्याकडे कार्ड आहे असेच यंत्र धरून चालू लागले.

११ ऑगस्ट १९९४ रोजी अमेरिकेत नेटमार्केट नावाच्या छोट्या कंपनीच्या साइटवरून स्टिंग या गायकाची एक सीडी १२.४८ डॉलरला विकली गेली. कार्डाचा नंबर सांकेतिक रूपात पाठवला गेला होता आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याची बातमी केली. त्या काळी भीती होती ती वाटेतल्या चोराची, म्हणजे तारेवरून जाणारा नंबर मधेच कोणी वाचेल याची. नेटस्केपने त्याच सुमारास एसएसएल हे वाटेतली माहिती सांकेतिक करणारे तंत्र आणले. ब्राउझरमधले कुलपाचे चिन्ह त्यातूनच आले आणि ती भीती बरीचशी संपली. ते चिन्ह आजही एवढेच सांगते, की वाट सुरक्षित आहे. पलीकडचा दुकानदार खरा की खोटा, हे ते सांगत नाही. खोट्या साइटींवरही आज ते सर्रास दिसते.

१९९६ साली व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी मिळून एसईटी नावाची योजना पुढे आणली होती. दुकानदाराला कार्डाचा नंबर दिसूच नये, तो थेट बँकेकडे जावा, अशी तिची रचना होती. ग्राहकाला त्यासाठी संगणकावर वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागे आणि डिजिटल प्रमाणपत्र घ्यावे लागे. लोकांनी ती कटकट स्वीकारली नाही आणि योजना बारगळली. तिच्यातली मूळ कल्पना मात्र पाव शतकानंतर भारतात वेगळ्या नावाने परत आली. ते पुढे येईलच.

वाटेवरचा चोर कोठारात शिरला

वाट बंद झाल्यावर चोर कोठाराकडे वळले. दुकानदार ग्राहकांचे नंबर जपून ठेवत, म्हणजे पुढच्या खेपेला ते पुन्हा टाकावे लागू नयेत. असे लाखो नंबर एकाच जागी साठले. डिसेंबर २००४ मध्ये मोठ्या कार्ड कंपन्यांनी एकत्र येऊन पीसीआय डीएसएस ही नियमावली आणली. कार्डाची माहिती कोणी, कशी ठेवावी हे ती सांगते. तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा नियम साधा आहे: व्यवहार मंजूर झाला की सीव्हीव्ही, म्हणजे मागचे तीन आकडे, कोणीही साठवायचे नाहीत. तरीही गळती होत राहिली. २०१३ साली अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. चोर आत शिरले ते वातानुकूलन पाहणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लॉगिनमधून.

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते ब्रिटिश एअरवेजचे २०१८ मधले प्रकरण. तिथे चोरीचा मुख्य मार्ग कोठाराचा नव्हता. चोरांनी पैसे भरायच्या पानावर जावास्क्रिप्टच्या सुमारे बावीस ओळी घुसवल्या. प्रवासी आकडे टाकत गेले तसतसे ते विमान कंपनीबरोबर चोरांनाही मिळत गेले, सीव्हीव्हीसकट. चार लाखांहून अधिक ग्राहकांना त्याची झळ बसली आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये २ कोटी पौंडांचा दंड ठोठावला. ग्राहकांनी काय चुकीचे केले होते? साइट खरी होती, कुलूप होते, पत्ता बरोबर होता. 'जपून वागा' या सल्ल्याची मर्यादा या एका प्रकरणात जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडे क्वचितच दिसेल.

भारताची वेगळी वाट

भारताने सुरुवातीपासूनच जगापेक्षा कडक मार्ग धरला. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००९ मध्ये परिपत्रक काढले आणि १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी खात्री सक्तीची केली. कार्डावर छापलेली माहिती पुरेशी नाही, कार्डावर नसलेले काहीतरी ग्राहकाने दिले पाहिजे, हे तिचे सूत्र. आधी त्यासाठी पासवर्ड असे, तो लोक विसरत. मग मोबाइलवर येणारा ओटीपी रुळला आणि आज तो इतका अंगवळणी पडला आहे की जगात बऱ्याच ठिकाणी तो लागत नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते.

या नियमाची पहिली मोठी परीक्षा २०१४ साली झाली. टॅक्सी बोलावण्याची सेवा देणारी उबर भारतातल्या प्रवासाचे पैसे परदेशातून वळवून घेत होती, त्यामुळे ओटीपी लागत नसे. ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावले, की माल वा सेवा भारतात आणि कार्ड भारतातले, तर व्यवहारही भारतातल्या बँकेमार्फत आणि दुसऱ्या खात्रीसह झाला पाहिजे. ऑक्टोबरअखेरची मुदत दिली. सोयीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तेव्हा टीका केली, पण नियम टिकला.

कोठारे मात्र भारतातही फुटत होती. २०१६ च्या ऑक्टोबरात सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात असल्याचे उघड झाले. कारण होते एटीएम आणि स्वाइप यंत्रांचे काम पाहणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घुसलेले मालवेअर. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. ११ आणि १३ तारखांना ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. त्यातले बरेचसे बनावट कार्डे वापरून अनेक देशांतल्या एटीएममधून काढले गेले, कारण चोरांनी बँकेच्या स्विचच्या, म्हणजे व्यवहाराला मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या, जागी स्वतःचा खोटा स्विच उभा करून मंजुरी देववली होती. हे दोन्ही प्रकार ऑनलाइन खरेदीचे नव्हेत. तरी इथे त्यांची नोंद हवी, कारण महाराष्ट्रातल्या सामान्य खातेदाराच्या मनात 'आपली बँकही फुटू शकते' ही जाणीव कॉसमॉसने रुजवली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात चोरीच्या कार्डांच्या 'जोकर्स स्टॅश' या बेकायदा बाजारात सुमारे १३ लाख कार्डांची माहिती विक्रीला आली. तिच्यातली जवळजवळ सगळी कार्डे भारतीय बँकांची होती.

त्यानंतर नियम भराभर आले. जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने ठरवले, की नवे कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरते चालू मिळेल. ऑनलाइन आणि परदेशी वापर ग्राहकाने स्वतः मागून सुरू करायचा, मर्यादाही स्वतः ठरवायची. हे त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून अमलात आले. मार्च २०२० मध्ये पेमेंट अॅग्रिगेटरांसाठीची नियमावली आली आणि दुकानदारांनी कार्डाचा नंबर साठवू नये, हा मुद्दा तिच्यातून पुढे आला. त्यावरची रस्सीखेच अडीच वर्षे चालली. मुदत जून २०२१, मग डिसेंबर २०२१, मग जून २०२२ अशी सरकत सरकत ३० सप्टेंबर २०२२ वर आली. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्डाचे नेटवर्क सोडून कोणालाही पूर्ण नंबर जवळ ठेवता येत नाही. ओळख पटावी म्हणून शेवटचे चार आकडे आणि बँकेचे नाव तेवढे ठेवता येते.

टोकन म्हणजे काय झाले

पूर्ण नंबरच्या जागी आता टोकन असते. खरेदी करताना आपण 'हे कार्ड सुरक्षित ठेवा' या अर्थाच्या चौकटीवर टिचकी मारतो आणि ओटीपी देतो, तेव्हा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखे नेटवर्क, अथवा खुद्द बँक, त्या कार्डासाठी आणि त्या दुकानासाठी एक वेगळा क्रमांक तयार करते. तोच दुकानाकडे राहतो. त्याच कार्डाचे दुसऱ्या दुकानात दुसरे टोकन असते. टोकनापासून मूळ नंबर काढण्याची सोय फक्त ते तयार करणाऱ्याकडे. सगळ्या खोल्यांना चालणारी एकच चावी वाटण्याऐवजी प्रत्येक खोलीला तिची वेगळी चावी द्यावी, तसे हे आहे. एका दुकानाचे कोठार फुटले तरी चोराच्या हाती पडते ते दुसरीकडे न चालणारे टोकन. एसईटीला १९९६ मध्ये जे साधायचे होते तेच हे, फक्त ग्राहकाला आता काही बसवावे लागत नाही.

यातून एक उलटा निष्कर्ष निघतो आणि तो लोकांपर्यंत पुरेसा पोचलेला नाही. पूर्वी 'कार्ड सेव्ह करू नका' हा सल्ला अचूक होता. आता ओळखीच्या दुकानात टोकन ठेवणे हे दर वेळी सगळे आकडे नव्याने टाकण्यापेक्षा सहसा अधिक सुरक्षित आहे. ब्रिटिश एअरवेजच्या पानावर चोरले गेले ते टाइप केलेले आकडे. जे टाइपच होत नाही ते तिथे चोरताही येत नाही. सवयीने जुनाच सल्ला देणारे पुष्कळ आहेत, त्यात बँकांची काही पत्रकेही आली. टोकन ठेवण्यासाठी पैसे पडत नाहीत. ते कुठल्या दुकानात ठेवले आहे हे बँकेकडून पाहता येते आणि रद्दही करता येते. डिसेंबर २०२३ पासून बँकेच्या अॅपमधूनच टोकन तयार करण्याचीही मुभा आहे.

टोकनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अनोळखी साइटवर एकदाच खरेदी करणारा गिऱ्हाईक आजही सगळे आकडे टाकतो. आणि दुकानाच्या कोठारातला साठा संपला म्हणजे साठा नाहीसा झाला असे नव्हे. तो मोजक्या नेटवर्कांकडे आणि बँकांकडे एकवटला. त्यांची सुरक्षा दुकानदारांपेक्षा कैक पटींनी चांगली आहे, हे मान्य. तरी एकवटलेली जोखीम हा तज्ज्ञांच्या चर्चेत वारंवार येणारा मुद्दा आहे.

कोणाचे म्हणणे काय

रिझर्व्ह बँकेची भूमिका सातत्याची आहे. थोडी गैरसोय चालेल, पण ग्राहकाच्या हातून काही कळत्या कृतीशिवाय पैसे जाता कामा नयेत. कोट्यवधी लोक पहिल्यांदाच बँकेच्या कक्षेत येत असताना एका फसवणुकीने उडालेला विश्वास परत मिळवणे कठीण, हा त्यामागचा विचार दिसतो. ऑगस्ट २०१९ चा दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचा नियम याच विचारातून आला: पैसे कापण्याच्या निदान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवायचे आणि ठरावीक रकमेच्या वर दर वेळी त्याची संमती घ्यायची. १ ऑक्टोबर २०२१ ला तो प्रत्यक्षात आला तेव्हा अनेकांच्या वर्गण्या अचानक बंद पडल्या. मर्यादा तेव्हा ५,००० रुपये होती; जून २०२२ मध्ये ती १५,००० केल्यावर ओरड थंडावली.

दुकानदार आणि ऑनलाइन सेवा देणाऱ्या कंपन्यांचे म्हणणे वेगळे आहे आणि ते नफ्याच्या हिशेबापुरते मानणे अन्यायाचे होईल. प्रत्येक जादा पायरीवर काही गिऱ्हाईक गळते, ओटीपी वेळेवर येत नाही, व्यवहार अर्धवट राहतो, पैसे कापले जातात आणि मालाची मागणी नोंदलीच जात नाही. हा अनुभव ग्रामीण भागात कमकुवत नेटवर्कवर अधिक येतो. त्यांना जोखमीप्रमाणे तपासणी हवी आहे: नेहमीचा फोन, नेहमीचा पत्ता, नेहमीची रक्कम असेल तर विनाअडथळा जाऊ द्या आणि संशय आला तरच अडवा. युरोपात साधारण हाच मध्यममार्ग आहे. तिथे कडक खात्रीचा नियम १४ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाला, पण ३० युरोंच्या आतले आणि कमी जोखमीचे व्यवहार त्यातून सुटू शकतात.

अमेरिकेने तिसरी वाट धरली. तिथे दुसऱ्या खात्रीची सक्ती नाही. क्रेडिट कार्ड चोरीला जाऊन कोणी वापरले तर ग्राहकाची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर, असे कायदाच सांगतो आणि कार्ड कंपन्या तीही सहसा माफ करतात. नुकसान बँकेवर किंवा दुकानदारावर पडते, म्हणून चोरी ओळखणारी यंत्रणा उभारण्याची घाई त्यांनाच असते. आपल्याकडच्या ग्राहक चळवळीतले लोक या बाजूकडे बोट दाखवतात. त्यांचे म्हणणे असे, की अडथळे कितीही वाढवा, नुकसान ज्याच्या खिशातून जाणार नाही तो ते टाळण्यासाठी पुरेसा झटणार नाही.

बँकांचा प्रतिवादही ऐकण्याजोगा आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेच्या यंत्राला तो व्यवहार खराच दिसतो. भरपाई सरसकट दिली तर खोट्या तक्रारी येतील आणि खर्च शेवटी सगळ्या खातेदारांवर पडेल. यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्याबद्दल मतभेद आहेत आणि ते मिटवील अशी आकडेवारी सार्वजनिक चर्चेत फारशी दिसत नाही.

चोरी माणसाकडे वळली

वाट बंद, कोठार रिकामे. मग उरला कार्डधारक. आज ऑनलाइन खरेदीशी जोडलेली फसवणूक बहुधा परतफेडीच्या निमित्ताने होते. माल परत करायचा असतो, गिऱ्हाईक कस्टमर केअरचा नंबर शोधते आणि शोधात वर आलेला नंबर खोटा असतो. किंवा फोन स्वतःहून येतो आणि समोरच्याला मालाचे नाव, किंमत, तारीख सगळे ठाऊक असते. पार्सल अडकले आहे, पाच रुपये भरा, ही लिंक उघडा. केवायसी संपली आहे, हे अॅप घ्या. असे एपीके, म्हणजे बाहेरून उतरवलेली अॅपची फाइल, फोनमध्ये गेली की येणारे मेसेज चोराला आपोआप वाचता येतात आणि ओटीपी सांगण्याचीही गरज उरत नाही. ग्राहकाच्या नंबराचे सिम चोराने स्वतः बदलून घेण्याचा प्रकार जुना आहे. त्याला आळा बसावा म्हणून १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालानुसार २०२४-२५ मध्ये बँकांनी कळवलेल्या २३,९५३ फसवणुकींपैकी १३,५१६ कार्ड आणि इंटरनेटच्या होत्या. आधीच्या वर्षी त्या २९,०८२ होत्या. घट मोठी आहे. पण ही गणना एक लाख रुपये आणि त्यावरच्या प्रकरणांची आहे. सामान्य घरातून आठ-दहा हजार जातात ते यात दिसत नाहीत, आणि ज्या घरात महिन्याचा किराणा तेवढ्यावर चालतो तिथे तो घाव लहान नसतो.

नुकसान कोणाचे

६ जुलै २०१७ चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक या विषयातला आजवरचा सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. प्रत्येक खातेदाराला ते माहीत असावे, असे मला मनापासून वाटते. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्या कुठल्या यंत्रणेची आहे, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास ती मर्यादित, म्हणजे साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा. ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरात असेच परिपत्रक निघाले.

अडचण आहे ती एका कलमात. ग्राहकाने निष्काळजीपणे आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. हे कलम लिहिले गेले तेव्हा डोळ्यांसमोर पिन कागदावर लिहून पाकिटात ठेवणारा माणूस असावा. अर्धा तास फोनवर धरून, घाबरवून, खरी बिल-पावती वाचून दाखवून ज्याच्याकडून ओटीपी काढून घेतला, तोही याच कलमात बसवला जातो. बँकांच्या नकारपत्रांत 'व्यवहार ओटीपीने झाला आहे' हे वाक्य असते आणि पुष्कळ तक्रारी तिथेच संपतात.

न्यायालयांचा कल अलीकडे ग्राहकाकडे झुकलेला दिसतो. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ च्या या परिपत्रकाचा आधार घेऊन एका सरकारी बँकेला ७६.९० लाख रुपये परत करायला सांगितले. ३ जानेवारी २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आपल्या विषयाला थेट भिडतो. आसाममधल्या एका ग्राहकाने ऑनलाइन घेतलेला कपडा परत करायचा ठरवला होता. विक्रेत्याच्या साइटमधली माहिती फुटली होती. कस्टमर केअरचा म्हणून फोन आला, अॅप घ्यायला लावले आणि खात्यातून ९४ हजारांहून अधिक रुपये गेले. ग्राहकाने चोवीस तासांत बँकेला कळवले होते. ग्राहकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही असे गुवाहाटी उच्च न्यायालयाने म्हटले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्याच वेळी ग्राहकांनीही ओटीपी देऊ नये, सावध राहावे, असे बजावले. म्हणजे तत्त्वाचा निवाडा अजून बाकीच आहे: ज्या विक्रेत्याकडून माहिती फुटली त्याने या नुकसानीतला वाटा उचलायचा की नाही, हा प्रश्न तिथे सुटला नाही.

आज ज्यावर एकमत आहे

वाद बाजूला ठेवले तर काही गोष्टी सर्वच बाजू मान्य करतात. ऑनलाइन खरेदीसाठी पगाराच्या खात्याचे डेबिट कार्ड वापरण्यापेक्षा कमी मर्यादेचे क्रेडिट कार्ड बरे. वाद चालू असेतो अडकते ती बँकेची रक्कम, घरखर्चाची नव्हे. माल आलाच नाही किंवा भलताच आला तर चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत, मागण्याची सोयही तिथे चांगली चालते. परदेशी वापराचे बटण गरजेपुरते चालू करून लगेच बंद करावे. कस्टमर केअरचा नंबर शोधयंत्रातून घेऊ नये, अॅपच्या आतून घ्यावा. पैसे परत मिळण्यासाठी ओटीपी, पिन किंवा अॅप यांतले काहीही लागत नाही, ही एक गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगावी. बँकांच्या साइटींसाठी आता 'बँक डॉट इन' हा राखीव पत्ता आला आहे, तो ओळखायला शिकावे.

पैसे गेलेच तर पहिला तास मोलाचा. १९३० या क्रमांकावर फोन केल्यास पुढच्या खात्यात पोचलेली रक्कम गोठवण्याचा प्रयत्न होतो. बँकेला लेखी कळवून तक्रारीचा क्रमांक घ्यावा, कारण २०१७ च्या परिपत्रकातली सगळी गणिते त्या वेळेवर चालतात. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

न सुटलेले

एसएमएसवरचा ओटीपी किती दिवस पुरेल, हा पहिला मोकळा प्रश्न. परदेशी राहणारे मराठी लोक इथल्या खात्याचे कार्ड वापरतात, तेव्हा भारतातले सिम चालू ठेवण्यासाठीच किती धडपड करतात ते त्यांनाच ठाऊक. २५ सप्टेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश काढले आणि त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठेवली. ओटीपी राहू शकतो, पण फोनमधले टोकन, बोटाचा ठसा अशा इतर मार्गांना मोकळीक मिळाली आणि जोखमीप्रमाणे जादा तपासणीलाही जागा मिळाली. दुकानदारांची जुनी मागणी काही अंशी मान्य झाली, असे म्हणता येईल. पण ठसा देणारा फोन प्रत्येक घरात नाही, आणि जिथे एकच फोन तिघे वापरतात तिथे 'फोन म्हणजे माणूस' हे समीकरण कसे बसणार, हे पाहावे लागेल.

दुसरा प्रश्न परदेशी साइटींचा. भारतीय कार्डाने अमेरिकेतल्या दुकानातून घेतले तर आजवर ओटीपी न मागताच व्यवहार होऊ शकत होता, आणि चोरीचे नंबर मुख्यतः तिथेच चालवले जात. परदेशी दुकानदाराने दुसरी खात्री मागितली तर ती देण्याची व्यवस्था बँकांनी १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उभी करायची आहे. त्याने मागितलीच नाही तर काय, यावर भारताचा अधिकार चालत नाही.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत जड प्रश्न भरपाईचा. नव्या निर्देशांत असे कलम आहे, की हे नियम न पाळता झालेल्या व्यवहारात ग्राहकाचे नुकसान झाले तर बँकेने ते पूर्ण आणि विनातक्रार भरून द्यायचे. २०१७ पेक्षा ही भाषा ठाम आहे. पण बँकेने सगळे नियम पाळले, यंत्रणा बरोबर चालली आणि तरी सत्तरीतल्या निवृत्त शिक्षकाने घाबरून स्वतःच्या बोटाने मंजुरी दिली, तर त्याच्यासाठी हे कलम काहीच बोलत नाही. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ पासून, निदान खात्यातून खात्यात पाठवलेल्या पैशांपुरते, अशा फसवलेल्या माणसालाही ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई सक्तीची केली आहे आणि तिचा बोजा पैसे पाठवणारी आणि घेणारी, अशा दोन्ही बँकांवर निम्मा निम्मा टाकला आहे. कार्डाचे व्यवहार त्यात येत नाहीत. पैसे ज्या खात्यात गेले ते खाते उघडून देणाऱ्या बँकेलाही जबाबदार धरण्याची ही कल्पना भारतात अजून नियमाच्या रूपात उतरलेली नाही.